बिलुंडचा सुतार आणि उसनी वीट

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांच्या इतक्या फायली वाचल्या, की अजूनही एखाद्या माणसाची ओळख करून घ्यायची असली तर मी आधी त्याचं कर्ज पाहतो आणि मग त्याचे जामीनदार. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहायला लागलो, तरी ही खोड गेलेली नाही. ओले किर्क ख्रिश्चनसन या डॅनिश सुताराचं चरित्र वाचताना तर मी सरळ १९३२ सालावरच गेलो. जागतिक मंदीनं डेन्मार्कचा शेतकरी पार वाकलेला. शेतकऱ्यांची घरं आणि गोठे बांधणाऱ्या सुताराला काम नाही. अर्जदाराचं वय एकेचाळीस. पत्नी त्याच वर्षी वारलेली. पदरी चार मुलगे, थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा सहाचा. कारखान्यातली माणसं एकेक करून कमी करावी लागलेली. आणि या माणसाला आता लाकडाची खेळणी करायची आहेत. माझ्या टेबलावर ती फाइल आली असती तर मी काय शेरा मारला असता, हे सांगायला नको.

त्याच्या भावंडांनीही जवळपास तोच शेरा मारला. कर्जाला जामीन राहायला ती तयार झाली, पण अट घातली ती खेळणी बंद करण्याची. घडीच्या शिड्या कर, इस्त्रीच्या फळ्या कर, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी कर, असा त्यांचा आग्रह होता. ओले किर्कनं कर्ज घेतलं आणि अट बाजूला ठेवली. भावंडांच्या बाजूनं विचार करायची मला सवय आहे. जामीनदाराची झोप कशी उडते ते मी जवळून पाहिलं आहे. पण त्या दिवशी त्यानं भावंडांचं ऐकलं असतं, तर आज घरोघरच्या सतरंजीवर, सोफ्याच्या फटीत आणि रात्री अंधारात पायाखाली सापडणारी ती रंगीत प्लॅस्टिकची वीट जन्मालाच आली नसती. लेगो या कंपनीचा हा संस्थापक.

त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं त्याला एक निमित्त आहे. ज्या घरात लेगोचा खोका आहे त्या घरात हल्ली एक वाद हमखास होतो. आमच्याकडेही होतो. सूनबाईंचं म्हणणं असं, की या खोक्यांतून पूर्वी घर, किल्ला, आगगाडी, चाच्यांचं जहाज असं काहीतरी निघायचं आणि त्याची गोष्ट मुलं स्वतः रचायची. आता दर दुसऱ्या खोक्यावर कुठल्या तरी सिनेमाचं नाव असतं. गोष्ट आधीच कुणीतरी सांगून टाकलेली असते. मुलानं फक्त पुस्तिकेबरहुकूम जोडायचं, आणि त्या नावाचे चार पैसे जास्त मोजायचे ते आपण. नातवाचं म्हणणं याच्या नेमकं उलट. त्याला त्या सिनेमातलंच यान हवं असतं, दुसरं कुठलं चालत नाही. मूळ कल्पना आणि उसनी कल्पना यांचा हा झगडा. मला वाटलं होतं तो अलीकडचा, सिनेमावाल्यांनी लावून दिलेला असेल. पण ओले किर्कचं आयुष्य वाचत गेलो तसतसा तो मागे मागे सरकत चालला.

ओले किर्कचा जन्म ७ एप्रिल १८९१ चा. जटलँडच्या उजाड माळरानावर, फिल्स्कोव्ह गावाजवळच्या एका वस्तीवर, भरपूर भावंडांच्या गरीब घरात. थोरल्या भावाच्या हाताखाली तो सुतारकाम शिकला. मग जर्मनी आणि नॉर्वेत काही वर्षं कामं केली. नॉर्वेत क्रिस्टीन भेटली. १९१६ मध्ये बिलुंडमधला एक लहानसा सुतारकामाचा कारखाना त्यानं विकत घेतला आणि त्याच वर्षी लग्न केलं. बिलुंड म्हणजे तेव्हा मोजक्या घरांचं खेडं. माणूस श्रद्धाळू, चर्चमधल्या कर्मठ पंथाचा. पण बोलण्यात मिस्कील असावा, हे त्याच्या पुढच्या काही उद्योगांवरून दिसतं.

आग ही या कारखान्याची जणू भाऊबंद होती. १९२४ मध्ये त्याच्या दोन चिमुरड्या मुलांनी, पाच वर्षांच्या कार्ल गेऑर्गनं आणि चार वर्षांच्या गॉटफ्रेडनं, खेळता खेळता लाकडाच्या भुशाला काडी लावली. कारखाना गेला आणि घरही गेलं. बापानं काय केलं? वास्तुतज्ज्ञाकडून आराखडा काढून घेऊन पहिल्यापेक्षा मोठी इमारत बांधली. १९४२ मध्ये पुन्हा आग. या वेळी खेळण्यांचे नमुने आणि आराखडेही जळाले. देश जर्मनांच्या ताब्यात, माल मिळेना. तरी बिलुंडच्या माणसांची रोजीरोटी बिलुंडमध्येच राहावी म्हणून त्यानं तिथेच कारखाना पुन्हा उभा केला. ज्या चार वर्षांच्या पोरानं पहिली काडी लावली, त्याच गॉटफ्रेडनं पुढे हा धंदा जगभर नेला.

खेळण्यांची सुरुवातही सरळ झालेली नाही. १९३२ मध्ये एका घाऊक व्यापाऱ्यानं नाताळासाठी खेळण्यांची मोठी ऑर्डर दिली आणि माल तयार होईपर्यंत त्याचं दिवाळं वाजलं. ओले किर्क स्वतः माल घेऊन दारोदार फिरला. कुणी पैशांऐवजी वाणसामान दिलं, तेही त्यानं घेतलं. मग यो-योचं वेड आलं. सगळा कारखाना यो-यो करायला लागला, आणि वेड एका रात्रीत ओसरावं तसं ओसरलं. यो-योंचा ढीग तसाच पडून राहिला. ओले किर्कनं ते मधोमध कापले आणि त्या चकत्यांची लाकडी ट्रकना चाकं केली. बुडीत माल ताळेबंदातून काढून टाकण्याऐवजी त्यालाच चाकं लावून विकणारा कर्जदार मला तरी नोकरीत भेटला नाही.

१९३४ मध्ये कारखान्याला नाव हवं होतं. त्यानं कामगारांत स्पर्धा लावली, बक्षीस म्हणून घरी केलेल्या वाइनची एक बाटली ठेवली, परीक्षक स्वतःच झाला आणि बक्षीसही स्वतःच पटकावलं. छान खेळ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून त्यानं लेगो हे नाव केलं होतं.

त्या काळातली बदकाची गोष्ट डेन्मार्कमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. चाकांवर चालणारी, दोरीनं ओढली की चोच उघडझाप करणारी लाकडी बदकं हा कारखान्याचा खपाचा माल. एकदा तरुण गॉटफ्रेड मोठ्या फुशारकीनं बापाला सांगत आला, की आज मी कंपनीचे पैसे वाचवले. बदकांना नेहमी वॉर्निशचे तीन हात देतो, या वेळी दोनच दिले. बापानं त्याला तडक रेल्वे स्टेशनवर पिटाळलं, रवाना व्हायला निघालेली खोकी परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊनच ती पुन्हा पाठवायला लावली. रात्र जागून, एकट्यानं. सर्वांत उत्तम तेवढंच पुरेसं, अशा अर्थाची एक पाटी गॉटफ्रेडनं पुढे स्वतः लाकडात कोरली आणि कारखान्यात लावली.

आता उसनवारीकडे येतो. बदक, मोटार, ट्रक यांत ओले किर्कची अशी मूळ कल्पना कोणती? कुठलीच नाही. चाकांवरची बदकं युरोपभर होती. यो-यो तर उघडच बाहेरून आलेला. १९४७ च्या सुमारास कारखान्यानं रहदारीचे नियम शिकवणारा एक पटावरचा खेळ काढला, त्याचं नाव होतं मोनिपोली. कुठल्या नावावर डोळा ठेवून हे नाव पाडलं, हे मुंबईत व्यापार खेळत वाढलेल्या माझ्या पिढीला तरी सांगावं लागू नये. महायुद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ मध्ये, या धर्मभीरू माणसाच्या कारखान्यातून लाकडी पिस्तूलही निघालं आणि चांगलं खपलं. पोरांना जे हवं होतं ते त्यानं दिलं. फक्त ते तीन हात दिल्याशिवाय दिलं नाही.

आणि मग वीट. इथे गोष्ट जरा थांबून पाहावी लागते.

युद्धानंतर कोपनहेगनमध्ये एका इंग्रज कंपनीच्या प्लॅस्टिकच्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. गरम प्लॅस्टिक दाबानं साच्यात भरून वस्तू काढणारं ते यंत्र. किंमत तीस हजार क्रोनर. युद्धातून नुकत्याच सावरलेल्या खेड्यातल्या कारखान्याला ही रक्कम झेपण्यासारखी नव्हती, घरच्यांचाही विरोध होता. ओले किर्कनं यंत्र घेतलं. याच सुमारास त्याच्या हाती काही नमुने पडले. प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे, वर गोल उंचवटे, एकावर एक बसणारे. ते होते किडिक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीचे, हिलरी पेज नावाच्या माणसानं योजलेले.

हा हिलरी पेज खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जन्म १९०४ चा, म्हणजे ओले किर्कहून तेरा वर्षांनी लहान. मुलं कशी खेळतात हे पाहण्यासाठी तो बालवाड्यांत जाऊन बसायचा. आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांतल्या खेळावर १९३८ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. मुलं खेळणी तोंडात घालणारच, तेव्हा ती धुता येण्याजोगी हवीत, म्हणून लाकूड सोडून तो प्लॅस्टिककडे वळला होता. एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांचं ब्रिटिश पेटंट त्यानं घेतलं आणि १९४७ मध्ये विटा बाजारात आणल्या. डेन्मार्कमध्ये मात्र त्याचं पेटंट नव्हतं.

ओले किर्क आणि गॉटफ्रेड यांनी १९४९ मध्ये ज्या विटा काढल्या त्या या नमुन्यावरूनच. कोपरे गोल होते ते काटकोनी केले, इंचाचं माप मिलिमीटरमध्ये आणताना एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला, उंचवट्यांचा माथा सपाट केला. बाकी वीट पेजची. कायद्यानं यात गुन्हा नव्हता. पण कायदा बाजूला ठेवून विचारलं, तर माझं उत्तर स्वच्छ आहे. ही उचल होती. कंपनीनंही पुढे ती लपवली नाही. चरित्रकार इथे जरा घाईनं पुढे जातात, ते मला आवडत नाही. तीन हात वॉर्निशसाठी पोराला स्टेशनवर पाठवणाऱ्या माणसानं लंडनला एक पत्र टाकायला हवं होतं. कंपनीनं किडिक्राफ्टकडे विचारणा केली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांनी हरकत घेतली नाही. तोवर पेज नव्हता. धंद्याच्या चिंतांनी ग्रासून १९५७ मध्ये त्यानं आपलं आयुष्य संपवलं होतं. डेन्मार्कच्या विटा ब्रिटिश दुकानांत आल्या त्या १९६० मध्ये.

बरं, उसन्या विटेनं ओले किर्कचं लगेच भलं झालं असंही नाही. या पहिल्या विटा आतून पोकळ. एकावर एक बसत, पण धरून राहत नसत. पोरानं घर उचललं की वरचा मजला खाली. दुकानदार माल परत पाठवत. लाकडाची जागा प्लॅस्टिक कधी घेणार नाही, असं धंद्यातली जाणती माणसं म्हणत. त्या पडत्या काळात कारखान्याला हात दिला तो एका ट्रॅक्टरनं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅनिश शेतांवर फर्ग्युसनचे करडे ट्रॅक्टर दिसू लागले होते. लेगोनं त्याची हुबेहूब प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली, फर्ग्युसन या नावासकट. साचा फार महाग पडला, पण शेतकऱ्यांच्या पोरांनी त्यावर उड्या टाकल्या. दुसऱ्याचं प्रसिद्ध नाव आपल्या खेळण्यावर घालून विकायचं, हे आज सिनेमाच्या नावानं जे चालतं तेच की! मुलानं बाबांचा ट्रॅक्टर मागितला आणि ओले किर्कनं तो दिला.

पुढे १९५५ मध्ये गॉटफ्रेडनं विटांची एक पद्धतच बांधली. आदल्या वर्षी इंग्लंडला जाताना बोटीवर एका मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याशी त्याच्या गप्पा झाल्या होत्या. खेळण्यांच्या धंद्यात कशाचा कशाशी मेळ नाही, अशी त्या गृहस्थांची तक्रार. गॉटफ्रेडच्या डोक्यात ते बसलं. कारखान्यातल्या शेकडो खेळण्यांपैकी त्यानं विटा निवडल्या. आज घेतलेला संच उद्या घेतलेल्या संचाशी जुळला पाहिजे, हा नियम ठरवला. पटावर रस्ते आखलेलं एक गाव केलं. माझ्या मते लेगोची खरी मूळ कल्पना ही. वीट उसनी होती, पण प्रत्येक वीट प्रत्येक विटेला ओळखेल हा कायदा त्यांचा स्वतःचा. आणि गंमत पाहा, त्या पहिल्या गावातल्या रस्त्यांवर धावत होत्या त्या फोक्सवॅगनच्या गाड्या, आणि पेट्रोल पंप होता एस्सोचा. म्हणजे परक्या नावांचं बोट धरूनच हे गाव वसलं.

राहिला होता विटांचा धरून ठेवण्याचा गुण. विटेच्या पोटात नळ्या घालायच्या, म्हणजे खालच्या विटेचे उंचवटे नळ्या आणि भिंत यांच्यामध्ये चापून बसतात, ही युक्ती सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी कोपनहेगनमध्ये तिचा पेटंट अर्ज दाखल झाला. सहा आठवड्यांनी, ११ मार्चला, ओले किर्क गेला. वय सहासष्ट. आपल्या कारखान्याला जगात ओळखलं जाईल ते विटेमुळे, हे त्याला दिसलं नाही. तो गेला तेव्हा कारखान्यात लाकडी खेळणी होत होती. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि गॉटफ्रेडनं लाकूड कायमचं सोडलं. बापाच्या मूळ धंद्याचा शेवटही आगीनंच केला.

सहा विटा, आठ-आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या. त्या किती तऱ्हांनी जोडता येतात? कोपनहेगनच्या एका गणितज्ञानं हिशेब केला. एक्क्याण्णव कोटी एक्कावन्न लाख तीन हजार सातशे पासष्ट. खोक्यावर सिनेमाचं नाव असो नसो, आतल्या सहा विटांचा हा आकडा बदलत नाही. सूनबाईंना मी हे सांगितलं. त्यांचं उत्तर असं, की पोरगं त्यातली एकच तऱ्हा करतं, पुस्तिकेतली. उत्तरात दम आहे.

कंपनीच्या आतही असाच वाद झाला होता. १९७८ पासून किल्ला, अवकाश आणि गाव हे तिचे स्वतःचे विषय होते, १९८९ मध्ये चाचे आले. आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत हा घराण्याचा दंडक. अशा वेळी १९९० च्या दशकाच्या शेवटी स्टार वॉर्सचा प्रस्ताव आला. नावातच युद्ध! बिलुंडमधल्या जुन्या माणसांना ते अब्रह्मण्यम् वाटलं. ओले किर्कचा नातू केल्ड तेव्हा प्रमुख होता. पालकांचा कौल घेतला गेला, आणि १९९९ मध्ये ते संच आले. तुफान खपले. २००१ मध्ये हॅरी पॉटर आला. पण उसन्या कथेचं व्याज असतं. सिनेमा नसलेल्या वर्षी खप कोसळतो. २००३ आणि २००४ मध्ये कंपनी तोट्यात इतकी बुडाली, की ती विकावी लागेल अशी बोलणी ऐकू येऊ लागली. तोट्याला इतर कारणंही पुष्कळ होती. त्या दिवसांत तगून राहायला तिला मोठा आधार झाला तो बायोनिकल या संचांचा. हा विषय कंपनीनं स्वतः रचलेला, त्याची गोष्टही तिची स्वतःची. २०११ मध्ये आलेला निन्जागो हाही घरचाच. म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा आहे, आणि ज्याला जो हवा तो त्यानं उचलावा.

मी कादंबरीकार. ययातीपासून कर्णापर्यंत आमच्या मराठी कादंबरीनं व्यासांच्या खोक्यातून किती विटा उचलल्या, आणि कुणीही व्यासांना रॉयल्टी दिली नाही. त्यामुळे उसनी गोष्ट म्हणून नाक मुरडायचा अधिकार मला नाही. वाचक तपासतो तो वेगळाच भाग. उसन्या पात्राला लेखकानं तिसरा हात दिला की दोनावर भागवलं, हे त्याला दुसऱ्या पानावर कळतं. खेळण्याच्या बाबतीत मुलांना ते त्याहून लवकर कळत असावं. नातवाच्या त्या सिनेमातल्या यानाचं आठ दिवसांत काय होतं ते मी पाहत असतो. एक पंख निखळतो, त्या पंखाला आगगाडीची चाकं लागतात, कधी त्याचा गोठा होतो आणि त्यात सिनेमाचा नायक म्हशी पाळतो. हे जमतं, कारण १९५८ मधली वीटही त्या यानाला चपखल बसते.

पेजच्या बाबतीतला हिशेब मात्र फार उशिरा पुरा झाला. १९८१ मध्ये लेगोनं किडिक्राफ्टच्या विटांचे हक्क त्या वेळच्या मालकांकडून पंचेचाळीस हजार पौंडांना विकत घेतले. ओले किर्कला जाऊन तेवीस वर्षं झाली होती, पेजला चोवीस.

बिलुंडमध्ये २०१७ पासून लेगोचं एक भव्य घर उभं आहे. तिथे २०२० मध्ये एक संच विक्रीला आला, फक्त तिथेच मिळणारा. कुठल्या सिनेमाचं नाव त्याच्यावर नाही. सहाशे एकवीस प्लॅस्टिकचे तुकडे जोडले की ओले किर्कचं ते जुनं लाकडी बदक तयार होतं, चाकांसकट. ओढलं की चोचही हलते. वॉर्निश लावावं लागत नाही.